मिरचीचं घर



बाईसुद्धा चुकतात, हे तुम्हांला माहीत आहे का? शुद्धलेखनात नव्हे हो! तिथे चुकले, तर माझे चौथीचे विद्यार्थी मला फळ्यापाशीच पकडतात. मी चुकले ते कौतुक करताना. ती गोष्ट आज सांगते.

जून २०२५. शाळा नुकतीच सुरू झाली होती. आमची शाळा कल्याणची. बाहेर धो धो पाऊस, वर्गात मागच्या भिंतीशी ओल्या छत्र्यांची रांग. मी नेहमीचा निबंध दिला होता, 'सुट्टीत मी काय केले?' कुणी गावी आंबे खाल्ले, कुणी पोहायला शिकलं. एका वहीत मात्र पहिलंच वाक्य असं होतं : 'सुट्टीत मी सव्वीस सरड्यांना आंघोळ घातली.'

मला वाटलं, स्वारी थापा मारतेय. मी त्याला उभं केलं.

"खरंच बाई!" तो म्हणाला. "डोंबिवलीला माझ्या मावशीकडे आहेत. दादाने इग्वानाची अंडी उबवली. एक पिल्लू तीन हजार रुपयांना!"

वर्गात एकदम कुजबुज सुरू झाली. मीही हातात खडू घेतला आणि फळ्यावर गणित मांडलं. २६ गुणिले ३,००० बरोबर किती? सगळा वर्ग ओरडला, "अठ्ठ्याहत्तर हजार!"

"शाब्बास!" मी म्हणाले. "याला म्हणतात घरगुती उद्योग. शिका जरा दादाकडून!"

झालं. हीच ती चूक. पण ती कळायला मला पाच महिने लागले.

पुढच्या रविवारी मी डोंबिवलीला गेले. दादा म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचा मावसभाऊ. नुकताच पदवीधर झालेला, अबोल मुलगा. पण सरड्यांचा विषय निघाला की बोलतच सुटतो! मावशींनी चहा टाकला आणि म्हणाल्या, "बघा मॅडम, लोकांच्या घरी गॅलरीत कपडे वाळतात, आमच्या घरी गॅलरीत हा बसतो."

गॅलरीला जाळी लावलेली होती. आत फांदीवर एक हिरवट राखाडी प्राणी पहुडला होता. पाठीवर काट्यांची झालर, गळ्याखाली लोंबती पिशवी आणि शेपटी केवढी! डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत सहज पाच फूट. मी दोन पावलं मागेच सरकले.

"चावणार नाही, या," दादा म्हणाला. "शुद्ध शाकाहारी आहे."

मुलांनो, हिरवा इग्वाना हा मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला सरडा. झाडांवर राहतो. पानं, फुलं, फळं खातो. दादाकडे त्याला शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं आणि लाल भोपळा मिळतो. पालक फार देत नाहीत. कारण पालकातलं ऑक्झॅलिक आम्ल अन्नातलं कॅल्शियम अडवून धरतं, ते हाडांपर्यंत पोचत नाही.

आणखी एक गंमत. इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका असतो. तो त्याचा तिसरा डोळा! त्याने आपल्यासारखं चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. वरून घार झेपावली की सावली पडते आणि इग्वाना सावध होतो. तो सारखा शिंकतो, त्यालाही सर्दी झालेली नसते. शरीरातलं जास्तीचं मीठ तो नाकातून बाहेर टाकतो. दादाच्या गॅलरीच्या काचेवर त्या मिठाचे पांढरे ठिपके मी स्वतः पाहिले.

मग दादाने अंड्यांची हकीकत सांगितली. फेब्रुवारीत मादीने खाणं सोडलं आणि कोपरे उकरायला सुरुवात केली. दादाने ओली रेती भरलेला मोठा खोका ठेवला. त्यात तिने खड्डा केला आणि एका रात्रीत चौतीस अंडी घातली! कोंबडीच्या अंड्यासारखं टणक कवच नसतं बरं का. ही अंडी चामड्यासारखी मऊ असतात. ओलाव्यातलं पाणी शोषून ती हळूहळू फुगतात.

"अंडं उचललं की पहिलं काम कोणतं?" दादाने मला विचारलं. जणू मीच विद्यार्थिनी!

मी मान हलवली.

"वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली मारायची. कोंबडी अंडी फिरवत राहते, तिच्या अंड्यांना ते लागतं. सरड्याच्या अंड्यात पिल्लू एका बाजूला चिकटून वाढतं. अंडं उलटं झालं, तर पिल्लू आतल्या आत मरू शकतं."

थर्माकोलच्या पेटीत त्याने तापमान तीस अंशांच्या आसपास राखलं. वीज गेली की सगळं घर धावाधाव करायचं. गरम पाण्याच्या बाटल्या पेटीत ठेवायच्या, वीज आली की काढायच्या. मावशी रात्री दोनदा उठून तापमापक बघायच्या. "पोराच्या बारावीलाही मी इतकी जागले नव्हते!" त्या म्हणाल्या. मे महिन्यात अंड्यांना चिरा पडल्या. पिल्लाच्या नाकाच्या टोकावर एक बारीक दात असतो. त्याने ते कवच फाडतं, आणि काही दिवसांत तो दात गळून पडतो. चौतिसांतून सव्वीस पिल्लं निघाली. पोपटी, वीतभर लांब, चपळ!

मी विचारलं, "हे सगळं कायद्याने चालतं का रे?"

दादाने कपाटातून फाईल काढली. तुम्हीही हे नीट समजून घ्या. आपल्याकडे १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. आपल्या रानातली घोरपड पकडणं, पाळणं, विकणं हा त्या कायद्याने मोठा गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांबद्दल मात्र बरीच वर्षं स्पष्ट नियम नव्हते. म्हणून २०२२ साली कायदा दुरुस्त केला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो लागू झाला. प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणारा 'साइट्स' नावाचा एक जागतिक करार आहे. भारत त्यात १९७६ पासून आहे. त्या कराराच्या यादीतले प्राणी ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी ते वनखात्याकडे नोंदवायचे, असा नियम आता झाला. इग्वाना त्या यादीत आहे. नोंदणीसाठी २०२४ च्या फेब्रुवारीत नियम निघाले आणि सहा महिन्यांची मुदत मिळाली. दादाने जोडीची नोंद वेळेत केली होती. पिल्लांचा जन्म कळवला होता. प्राणी दुसऱ्याला दिला तर ते कळवायचं, मेला तरी कळवायचं.

"एप्रिलमध्ये तर आई घाबरलीच होती," दादा म्हणाला. एप्रिल २०२५ मध्ये डोंबिवलीजवळच्या पलावा वसाहतीतल्या एका फ्लॅटमध्ये वनखात्याला ओरांगउटानचं पिल्लू, साप, कासवं आणि इग्वाना असे प्राणी सापडले होते. ओरांगउटान म्हणजे बोर्निओ आणि सुमात्रा बेटांवरचा प्राणी. जंगलात त्याचं पिल्लू आईला सोडून राहत नाही. ते इथे फ्लॅटमध्ये कुणाच्या कुशीत झोपत असेल? पेपरात बातमी वाचून मावशींनी फाईल तीनदा तपासली म्हणे.

मी खूश होऊन घरी आले. मुलगा मेहनती, कागदपत्रं चोख. आणखी काय हवं?

आता नोव्हेंबरकडे येऊ या. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. मधल्या सुट्टीत वर्गातली एक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. डबा उघडलेला नव्हता.

"बाई, तुम्ही माझ्या बाबांना फोन कराल?"

"का गं?"

"ते आज संध्याकाळी मिरचीला बारवी धरणाच्या जंगलात सोडून येणार आहेत."

मिरची म्हणजे दादाकडच्या सव्विसांतली एक. जूनमध्ये मी फळ्यावर ते गणित मांडलं, त्याच दिवशी या मुलीने घरी हट्ट धरला होता. 'बाईंनी शाब्बास म्हटलं!' असंही सांगितलं होतं. बाबांनी आठवड्याच्या आत पिल्लू आणून दिलं. आठ दिवसांत तीन पिल्लं विकली गेल्यामुळे दादाही आनंदात होता. 'नाव बदलायचे कागद नंतर करू,' तो म्हणाला, आणि ते 'नंतर' काही उजाडलंच नाही.

मिरची एका काचेच्या पेटीत राहायची, माशांची असते तशी. पेटी खिडकीत ठेवलेली. "ऊन येतं तिथे," मुलगी म्हणाली. खायला काकडी आणि कोबी. मग काय झालं? मिरचीचे मागचे पाय वाकले. खालचा जबडा मऊ पडून सुजला. ती फांदीवर चढेना. पोटावर सरपटायची.

मुलांनो, याला काय म्हणतात माहीत आहे? माणसांच्या लहान मुलांना होतो तो मुडदूस तुम्ही विज्ञानात वाचला असेल. हा त्याचाच भाऊ. कॅल्शियम हाडांत बसायला ड जीवनसत्त्व लागतं. ते शरीरात तयार व्हायला उन्हातले अतिनील किरण लागतात. आणि खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते! ऊब आत येते, उजेड आत येतो, पण कामाचे किरण बाहेरच राहतात. मिरची रोज उन्हात बसत होती आणि तरी तिला ऊन मिळत नव्हतं.

मी बाबांना फोन लावला. ते वाईट गृहस्थ मुळीच नाहीत. काळजीने थकले होते. "मॅडम, पोरगी रोज रडते. डॉक्टरकडे न्यावं तर कागद नाहीत, उगाच लफडं नको. जंगलात निदान मोकळी राहील."

मी म्हणाले, "जिला फांदीवर चढता येत नाही, ती जंगलात मोकळी कशी राहील हो?"

ते गप्प झाले. मग मी त्यांना दुसरी बाजूही सांगितली. मिरची आजारी होती म्हणून मेली असती. पण धडधाकट इग्वाना सोडला असता तर? अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात असेच पाळलेले आणि निसटलेले इग्वाना रानोमाळ झाले. बागा फस्त करतात, कालव्यांचे काठ बिळं करून पोखरतात. शेवटी २०२१ साली तिथल्या सरकारला इग्वाना पाळण्यावरच बंदी घालावी लागली. आपल्या कोकणची हवा उष्ण आणि दमट, म्हणजे इग्वानाच्या आवडीची. बारवीचं रान तिथल्या पाखरांचं, सरड्यांचं, घोरपडींचं आहे. तिथे आपण परका पाहुणा सोडून यायचा, हा न्याय झाला का?

"मग करू काय?" त्यांनी विचारलं.

खरं सांगू? मलाही ठाऊक नव्हतं. मी दादाला फोन केला. मला वाटलं, तो म्हणेल, 'विकलं त्याला पाच महिने झाले, माझा काय संबंध?' तो फक्त इतकंच म्हणाला, "पत्ता द्या." आणि सहाच्या लोकलने कल्याणला आला.

त्याने मिरचीला हातावर घेतलं. तिचा जबडा बोटाने हळूच चाचपला. बराच वेळ काही बोलला नाही. मग त्या बाबांना म्हणाला, "काका, चूक माझी आहे. मी तुम्हांला पिल्लू दिलं, पण दिवा कुठला लागतो ते विचारलंही नाही आणि सांगितलंही नाही."

मला वाटलं, आता आपणही बोललं पाहिजे. मी त्या छोट्या मुलीला म्हणाले, "आणि शाब्बास म्हणायची घाई बाईंनी केली. आधी पूर्ण गणित मांडायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी मिरची ठाण्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेली. क्ष-किरण फोटो काढला. हाडं कागदासारखी फिकट दिसत होती. औषधातून कॅल्शियम, अतिनील किरणांची खास नळी आणि पाल्याचा आहार सुरू झाला. ती आता दादाकडे असते. मुलीचे बाबा आणि दादा दोघांनी मिळून राहिलेले कागदही पूर्ण केले. जबडा बराच घट्ट झाला आहे. खालच्या फांदीवर ती चढते. पण मागचा डावा पाय वाकडा राहिला तो राहिलाच. डॉक्टर म्हणाले, तो आता सरळ होणार नाही.

जानेवारीत मी दादाला वर्गात बोलावलं. फळ्यावर पुन्हा तेच गणित मांडलं. या वेळी पूर्ण!

सगळी पिल्लं विकली असती तर ७८,००० रुपये. आता खर्च. पिंजरे २२,०००. दिवे आणि नळ्या १४,०००. वीज ९,०००. डॉक्टर ७,०००. खाणं ६,०००. बेरीज करा पाहू! ५८,०००. आणि प्रत्यक्षात विकली गेली किती? नऊ. म्हणजे मिळाले २७,०००. तोटा ३१,०००. वर्ग शांत झाला.

"बाकीची सतरा का नाही विकली?" एकाने विचारलं.

"मिरचीनंतर मी नियम केला," दादा म्हणाला. "घ्यायला येणाऱ्याने आधी मोठा पिंजरा आणि दिवा दाखवायचा. घरातल्या सगळ्यांनी येऊन मोठा इग्वाना बघायचा. बहुतेक लोक पाच फुटांचा सरडा बघितला की नमस्कार करून जातात! पिल्लू वीतभर असतं आणि पंधरा-वीस वर्षं जगू शकतं. तुम्ही चौथीत आहात. तेव्हा तुम्ही कॉलेज संपवून नोकरीला लागलेले असाल."

"मग आता काय करणार?"

"यंदा मादी अंडी घालेल, पण मी ती उबवणार नाही. नर-मादीचे पिंजरेही वेगळे केलेत. आधी या सतरांची घरं. घरं नसतील तर पिल्लं कशाला?"

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "म्हणजे दादा, पैदास करणं वाईट का?"

दादा म्हणाला, "तसं नाही." आणि त्याने एक सुंदर उदाहरण दिलं. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवर एक पाल आहे. तिच्या डोळ्यांवर पापण्यांसारखी झालर असते. ती नामशेष झाली असं सगळे समजत होते. १९९४ साली ती पुन्हा सापडली! मग हौशी लोकांनी थोड्याशा पालींपासून घरोघरी तिची पैदास केली. आज जगभर पाळल्या जाणाऱ्या त्या पाली पिंजऱ्यातच जन्मलेल्या असतात. रानातून पकडून आणायची गरजच पडत नाही. घरी जन्मलेलं पिल्लू चोरून आणलेल्या पिल्लापेक्षा शंभर पटींनी चांगलं. पण त्याचं घरही जन्माआधी ठरलेलं हवं.

मला त्याचं म्हणणं पटलं. तुम्हांला पटतंय का, ते पत्राने कळवा. मतभेद असला तरी चालेल. वर्गात आमचीही दोन तट पडून भांडणं झाली!

आणि सरडे आवडतात, पण पाळता येत नाहीत, अशांनी हिरमुसू नये. आपला महाराष्ट्र सरड्यांनी श्रीमंत आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर एक सरडा राहतो. वीण्याच्या दिवसांत नर गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा फुलवून मिरवतो. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्यांची वेगळी प्रजाती (जीनस) मानली आणि तिला शास्त्रीय नाव दिलं 'सारडा'. आपल्या मराठी 'सरडा' शब्दावरूनच! आहे की नाही अभिमानाची गोष्ट?

तेवढं लांब जायला नको असेल, तर ट्यूबलाइटकडे बघा. तिथली पाल भाडं देत नाही, पण डास-किडे खाऊन कामं करते. आठवडाभर वहीत नोंद करा : किती वाजता येते, काय खाते, पापणी मिटते का? (उत्तर मी आत्ता सांगणार नाही. नीट बघा!) तिला हात लावू नका, शेपूट तोडायला लावू नका. कुठल्याही सरड्याला, पालीला किंवा कासवाला हात लागलाच, तर साबणाने हात धुवा. त्यांच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

पालकांसाठी दोन शब्द. मूल हट्ट करील, तो त्याचा हक्क आहे. हो म्हणण्याआधी चार प्रश्न आपण विचारायचे. हा प्राणी मोठेपणी केवढा होतो? किती वर्षं जगतो? आजारी पडला तर त्याचा डॉक्टर कुठे आहे? नोंदणीचे कागद कुठे आहेत? यांतल्या एकाचंही उत्तर दुकानदार टाळत असेल, तर पैसे खिशात ठेवून घरी या. आणि घरातला प्राणी सांभाळणं अशक्य झालं, किंवा कुठे घोरपडीसारखा रानातला प्राणी विकायला ठेवलेला दिसला, तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवा. रात्री गुपचूप तळ्याकाठी नेऊन सोडणं म्हणजे सुटका नव्हे.

ती मुलगी आता दर दुसऱ्या रविवारी आईबरोबर डोंबिवलीला जाते. डब्यात जास्वंदीची फुलं असतात. मिरची तिला ओळखते की फुलांना, यावर तिच्यात आणि माझ्या त्या सव्वीस सरड्यांना आंघोळ घालणाऱ्या विद्यार्थ्यात रोज वाद चालतो. मी मध्ये पडत नाही. एकदा घाईने मत देऊन बघितलंय ना!

पालीच्या नोंदींची वाट पाहते.

तुमची,
बाई